विझवलेला दिवा

दिवाळी अंकात दिव्याविषयी लिहायचे, तर ते लावलेल्या दिव्याविषयी लिहावे असा संकेत आहे. पणती, आकाशकंदील, तुळशीपुढचे निरांजन यांच्याविषयी आजवर इतके लिहून झाले आहे की, त्यात मी काही भर घालावी अशी जागाच उरलेली नाही. म्हणून मी आज एका निराळ्या दिव्याविषयी लिहिणार आहे. हा दिवा लागला की मालकाच्या कपाळाला आठी पडते आणि विझला की त्याला हायसे वाटते. तो देवघरात नसतो. मोटारीत, वेगाच्या काट्याशेजारी असतो. एक बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यात एक गोल फुगा, असे त्याचे इवलेसे तांबडे चित्र. किल्ली फिरवली की तो लागतो, पाचसहा सेकंद राहतो आणि विझतो. त्या विझण्याचा अर्थ असा : ‘मी सगळे तपासून पाहिले आहे, एअरबॅग सज्ज आहे.’ तो लागलेलाच राहिला तर अर्थ असा : ‘कुठे तरी बिघाड आहे, या बॅगेवर विसंबू नका.’

आता प्रश्न असा की, बिघाड तसाच ठेवून नुसता दिवा विझवला, तर त्यात बिघडले काय? प्रश्न दिसायला क्षुल्लक आहे. पण गेल्या वर्षी तो माझ्यापुढे उभा राहिला आणि उत्तर शोधता शोधता मला बराच लांबचा पल्ला गाठावा लागला. त्या वाटेवर वाचकांना थोडे बरोबर न्यावे, एवढाच या लेखाचा हेतू.

एअरबॅग ही वस्तू मुळात कशी सुचली, ती हकीकत मोठी हृद्य आहे. जॉन हेट्रिक नावाचा एक अमेरिकन इंजिनिअर १९५२ साली बायको आणि लहान मुलगी यांना घेऊन मोटारीतून फिरायला निघाला होता. वाटेत अडथळा आला, त्याने गाडी वळवून ब्रेक दाबला आणि त्या क्षणी नवराबायको दोघांनीही आपले हात मुलीच्या पुढे आडवे धरले. कुणाला काही लागले नाही; पण घरी परतताना त्याच्या मनात आले की, हे हाताचे काम करणारी एखादी वस्तू गाडीतच का असू नये? १९५३ साली त्याला त्या कल्पनेचे पेटंट मिळाले. पुढे अनेकांच्या खटपटीतून आणि पुष्कळ वर्षांनी ती वस्तू घरोघरच्या गाडीत आली. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकासाठी ती सक्तीची झाली. कितीही यंत्रे आली आणि गेली, तरी मला एअरबॅग म्हटले की तो आईबापांचा आडवा हातच दिसतो.

हा हात फार चपळ असतो. टक्कर झाल्यापासून बॅग पूर्ण फुगेपर्यंत सेकंदाचा विसावा भागसुद्धा लागत नाही. आपली पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. स्टीअरिंगच्या मध्यभागी घडी करून ठेवलेल्या पिशवीमागे एक लहानसे स्फोटक असते आणि त्याच्यात केसासारखी एक तार. टक्कर झाली की गाडीतली नियंत्रक पेटी त्या तारेतून साधारण सव्वा ॲम्पिअर विजेचा झटका सोडते, तार तापते, स्फोटक पेटते, वायू निर्माण होतो आणि पिशवी फुगते. एकदा फुगली की तिचे काम संपले. ती पुन्हा वापरता येत नाही.

मौज अशी की, जिचा उपयोग एकदाच व्हायचा, तिची परीक्षा कशी घ्यायची? पेटवून पाहावी तर ती संपलीच. म्हणून ही पेटी एक युक्ती करते. गाडी चालू असेपर्यंत ती त्या तारेतून विजेची अगदी बारीकशी धार सोडत राहते, इतकी बारीक की तार तापणार नाही, आणि त्या धारेला अडथळा किती होतो ते मोजते. हा अडथळा, म्हणजे रोध, सामान्यतः दोन ओहमच्या आसपास असतो. तेवढा भरला की सर्किट सलग आहे, दिवा विझवायला हरकत नाही. फार जास्त भरला तर कुठे तरी तुटले आहे. फार कमी भरला तर कुठे तरी दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. दोन्ही वेळा दिवा लागतो. पेटी रोज एवढेच विचारते, ‘आहेस ना?’ आणि पलीकडून दोन ओहमचे ‘आहे’ आले की निश्चिंत होते.

माझ्या नऊ वर्षांच्या गाडीत हे उत्तर येईनासे झाले. ती गाडी मी विकायला काढली होती आणि नेमका त्याच सुमारास तो तांबडा दिवा लागला. शिवाय चाक डावीकडे वळवले की हॉर्न वाजेना. जवळच्या एका गॅरेजात दाखवली. तिथल्या गृहस्थांनी गाडीखाली वाकण्याचेही कष्ट घेतले नाहीत. “विकायचीच आहे ना साहेब? मग कशाला खर्चात पडता! एक छोटासा रेझिस्टर लावतो, अर्ध्या तासात दिवा बंद. कुण्णाला कळणार नाही.”

संध्याकाळी घरी ही गोष्ट निघाली, तेव्हा आमचे मेहुणे फराळाला आले होते. ते बँकेत होते आणि प्रत्येक गोष्टीचा हिशेब मांडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. “भावोजी, शांतपणे विचार करा,” चकली मोडत ते म्हणाले, “नऊ वर्षांत ती बॅग तुम्हांला एकदा तरी लागली का? घेणाऱ्याला तरी लागेल कशावरून? शंभरांतल्या नव्याण्णव गाड्यांत ती न फुगताच भंगारात जाते. म्हणजे तुमच्या त्या रेझिस्टरने नुकसान कुणाचं? ज्या खोट्यानं कुणाचंच काही जात नाही, ते खोटं कसलं?”

मेहुण्यांचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपण रोज असली कितीतरी निरुपद्रवी खोटी बोलतो. पाहुण्यांना ‘अजिबात त्रास नाही झाला’ म्हणतो, आजाऱ्याला ‘आज तोंडावर तेज आहे’ म्हणतो. त्यांच्यात आणि या दोन ओहममध्ये फरक काय, हे मला त्या संध्याकाळी नीटसे सांगता आले नाही. ते मला शिकवले एका मिस्त्रीने.

हे मिस्त्री पेठेतल्या एका बोळात, एका शटरच्या आत बसतात. हॉर्न आणि दिवा एकदमच गेले, एवढे ऐकताच त्यांनी मान हलवली. स्टीअरिंगचे चाक फिरते, पण त्यातली बॅग आणि हॉर्न यांच्या तारा न तुटता गाडीशी जोडलेल्या राहिल्या पाहिजेत. त्यासाठी चाकाखाली एक चपटी डबी असते आणि तिच्यात घड्याळातल्या कमानीसारखी गुंडाळलेली तारांची पट्टी. तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. चाक वळले की ती पट्टी उलगडते, उलट वळले की आवळते. वर्षानुवर्षे हे करता करता ती कुठे तरी चिरते. “बहुतेक तीच आहे,” मिस्त्री म्हणाले, “पण ‘बहुतेक’वर मी कुणाचे पैसे घेत नाही.”

मग त्यांनी काम सुरू केले, ते एखाद्या अनुष्ठानासारखे. आधी यंत्र लावून पेटीने काय नोंदवले आहे ते वाचले : चालकाच्या बॅगेच्या सर्किटात रोध जास्त. नोंद पुसली, तर ती लगेच परत आली. मग बॅटरीचा ऋण टोकाचा जोड काढला आणि ते चक्क बाहेर येऊन चहा पीत बसले. मी घड्याळाकडे पाहू लागलो तसे म्हणाले, “टकरीत बॅटरीच तुटली तरी बॅग फुगली पाहिजे, म्हणून त्या पेटीत थोडी वीज साठवलेली असते. ती उतरू द्यायची. घाई करणाऱ्याच्या तोंडावर बॅग फुटते.” पुरेसा वेळ गेल्यावर त्यांनी बॅग काढली आणि तोंड वर करून बाजूला ठेवली, चुकून उडालीच, तर डोक्यात बसू नये म्हणून. पिवळ्या रंगाचा तिचा जोड मी न्याहाळत होतो. या तारांना आणि जोडांना मुद्दाम पिवळा रंग देतात, हात लावणाऱ्याने विचार करून लावावा म्हणून. मी सहज विचारले, मीटर लावून बॅगेचाच रोध का मोजत नाही? ते दचकलेच. “मीटरच्या विजेनंसुद्धा ती पेटू शकते. बॅगेला मीटर कधी लावायचा नाही.”

आणि मग त्यांनी खणातून एक वस्तू काढली. दोन ओहमचा रेझिस्टर! पहिल्या गॅरेजवाल्याने सांगितला, अगदी तोच. मी चमकलो. पण मिस्त्रींनी तो बॅगेच्या जागी जोडला, बॅटरी लावली, चाक वळवून पाहिले. दिवा तसाच लागलेला. “म्हणजे बॅग निर्दोष. दोष खाली आहे.” पुन्हा बॅटरी सोडली, पुन्हा थांबले आणि तोच रेझिस्टर आता स्प्रिंगच्या खालच्या जोडाला लावला. नोंद पुसली, दिवा पाचसहा सेकंद राहिला आणि विझला. वर लावला तर दिवा लागतो, खाली लावला तर विझतो. तेव्हा दोष मधल्या पट्टीतच. मग त्यांनी रेझिस्टर काढून खणात ठेवला आणि नवी स्प्रिंग मागवली. ती बसवताना गाडीची चाके सरळ केली, स्प्रिंग दोन्ही टोकांना हलकेच फिरवून वेढे मोजले आणि बरोबर मध्यावर आणून बसवली. नाही तर पहिल्याच पुऱ्या वळणाला ती तुटली असती.

त्या दुपारी बोळातल्या त्या शटरखाली मला माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर सापडले. वस्तू तीच, जागा तीच, ओहमसुद्धा दोनच. पण मिस्त्रींच्या हातात तो रेझिस्टर हा एक प्रश्न होता : ‘समजा, बॅग नीट आहे, मग दोष कुठे दिसतो?’ पहिल्या गॅरेजवाल्याच्या हातात तोच रेझिस्टर उत्तर झाला असता : ‘बॅग नीट आहे.’ ‘समजा’ हा शब्द तेवढा गळला, आणि शास्त्र होते त्याची लबाडी झाली. सत्य शोधणाऱ्यालाही घटकाभर खोट्याचा आधार घ्यावा लागतो. गणितात आपण नाही का, अज्ञात संख्येला काही तरी मानून पुढे जात? फरक इतकाच की, शोधणारा ते खोटे काम झाल्यावर खणात परत ठेवतो. फसवणारा ते जागेवर ठेवून निघून जातो.

उरलेले अर्धे उत्तर मिस्त्रींच्या एका गोष्टीत होते. मागे त्यांच्याकडे कुणी एक जुनी घेतलेली गाडी आणली होती, हॉर्नच्याच तक्रारीसाठी. त्यांनी चाक उघडले तो आत बॅग नव्हतीच. चिंध्यांचा एक बोळा होता आणि तारांच्या टोकाला एक रेझिस्टर. आधीच्या कुणा मालकाच्या हातून अपघात झाला असावा, बॅग उडाली असावी आणि वरचे झाकण चिकटवून गाडी विकली असावी. ज्याने घेतली तो दोन वर्षे बायकोमुलांना घेऊन कोकणात जात होता. रोज सकाळी दिवा लागे, रोज विझे. “तो विझलेला दिवा पाहून माणूस निश्चिंत व्हायचा,” मिस्त्री म्हणाले, “आणि पुढं होत्या चिंध्या.”

मेहुण्यांच्या हिशेबातली चूक मला तिथे दिसली. पाहुण्यांशी किंवा आजाऱ्याशी आपण जे बोलतो, ते आपण तोंडावर बोलतो. त्यांना आपला चेहरा दिसतो, ते आपल्याला उलट विचारू शकतात, आणि तो प्रसंग सरला की ते बोलणेही सरते. गाडीत ठेवलेले खोटे तसे नाही. ते मी एकदाच पेरतो, पण गाडी ते रोज किल्ली फिरवताच पुन्हा बोलते. मी नसलो तरी बोलते. ज्याचे नावही मला ठाऊक नाही अशा माणसाच्या पोराला बोलते. अपघात होवो वा न होवो, त्या माणसाचा विश्वास तर रोजच वापरला जातो. ज्या नव्याण्णव गाड्यांत बॅग लागली नाही, त्यांतही ती ‘आहे’ या विश्वासावरच माणसे गाडीत बसली होती. शंभरावा अपघात हे त्या लबाडीचे फळ. पण लबाडी त्याआधीच, सगळ्या शंभरांशी झालेली असते.

महाभारतात याला एक जुना दाखला आहे. द्रोणांना खरे सांगायचे नव्हते आणि खोटेही बोलायचे नव्हते, म्हणून अश्वत्थामा नावाचा हत्ती मारण्यात आला. धर्मराजाचे वाक्य अक्षरशः खरे होते. आमचा रेझिस्टर हा तसलाच हत्ती आहे. पेटी विचारते, ‘दोन ओहम आहेत का?’ उत्तर मिळते, ‘आहेत’, आणि ते अक्षरशः खरे असते. परंतु द्रोणांनी हत्तीची चौकशी केली नव्हती, मुलाची केली होती. व्यासांनी त्या क्षणी धर्मराजाचा जमिनीपासून चार बोटे वर चालणारा रथ खाली आणला, त्यात मोठे मर्म आहे. शब्द खरा आहे की नाही एवढेच त्यांनी पाहिले नाही. ऐकणाऱ्याने तो कशासाठी विचारला होता, हे पाहिले.

इथे कुणी म्हणेल, ही सगळी खिसा गरम असलेल्यांची नीती झाली. क्लॉक स्प्रिंग स्वस्त. पण बॅगच गेली असेल आणि नवीला लागणारा पैसा जुन्या टॅक्सीवाल्याच्या दोन महिन्यांच्या कमाईइतका असेल, तर त्याने काय करावे? हा आक्षेप मी मिस्त्रींपुढेही ठेवला. तेव्हा त्यांनी जे सांगितले, ते मला अजून पुरते. “असा एक जण आला होता. मी त्याला म्हटलं, बाबा, दिवा लागलेला राहू दे. तो खोटं बोलत नाही. पट्टा मात्र स्वतः लाव आणि शेजारच्यालाही लावायला सांग. पैसे साठतील तेव्हा ये.” मला वाटते, सगळा विवेक यात आला. एअरबॅग नसणे हे पाप नाही; आपल्या वडिलांच्या पिढीने तिच्यावाचूनच आयुष्यभर गाड्या हाकल्या आणि त्या गाड्यांनी कुणाला फसवले नाही. उणीव असणे वेगळे आणि उणीव नाही असे भासवणे वेगळे. लागलेल्या दिव्याचा माणूस सावध असतो, पट्टा बांधतो, बेताने हाकतो. विझवलेला दिवा त्याची ती सावधगिरीही काढून घेतो. म्हणजे गरिबाजवळ होते नव्हते तेवढेही नेतो.

दिव्याची मी फार भलावण केली असे वाटू नये, म्हणून त्याची मर्यादाही सांगतो. तो फक्त सर्किट तपासतो. स्फोटक तपासत नाही. ताकाता या जपानी कंपनीच्या बॅगांत वायूसाठी अमोनियम नायट्रेट वापरले होते. उष्णतेने आणि दमटपणाने ते काही वर्षांत बिघडे आणि मग टकरीच्या वेळी धातूची डबीच फुटून तिचे तुकडे समोरच्या माणसाला लागत. माणसे दगावली, जगभरातून कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्या गाड्यांतले दिवे मात्र इमानाने विझलेले होते, कारण त्यांना जेवढे विचारले होते तेवढे ठीक होते. या कंपनीने चाचण्यांचे खोटे अहवाल मोटारी बनवणाऱ्यांना दिल्याचे पुढे उघड झाले आणि २०१७ साली तिने अमेरिकेत फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. बोळातल्या त्या गॅरेजवाल्याने एका गाडीत जो रेझिस्टर ठेवला असता, तो या मंडळींनी कागदावर ठेवला होता. मोठ्या कारखान्याचे खोटे आणि तीनचाकी स्टुलावर बसून केलेले खोटे यांची जात एकच. माप तेवढे निराळे.

आणि आपण तरी कुठे फार वेगळे आहोत? पट्टा न बांधता बसले की गाडी टुणटुण वाजते. ती वाजू नये म्हणून पट्ट्याच्या खाचेत खोचायच्या नुसत्या क्लिपा आपल्याकडे राजरोस विकल्या जात. २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यांची विक्री थांबवण्याचे आदेश काढावे लागले आणि विक्रीच्या संकेतस्थळांवरून १३,००० हून अधिक जाहिराती उतरवण्यात आल्या. क्लिप घेणाऱ्याला कुणी फसवत नव्हते; तो स्वतःच्याच पैशांनी स्वतःलाच फसवून घेत होता. ज्याला जपण्यासाठी ती घंटा वाजते, त्यानेच तिचा गळा दाबावा, यासारखी विचित्र गोष्ट नाही.

माझी गाडी यथाकाल विकली गेली. घेणाऱ्या तरुण जोडप्याने टायर पाहिले, रंग पाहिला, किंमत घासाघीस करून कमी केली. दिव्याविषयी त्यांनी विचारले नाही. तो विझलेलाच होता, मग विचारतील कशाला? खरेपणाने विझलेला दिवा आणि लबाडीने विझवलेला दिवा यांत पाहणाऱ्याला तिळमात्र फरक दिसत नाही. म्हणूनच हे काम एकट्याचे असते. त्याची पावती मिळत नाही, कुणी आभार मानत नाही आणि केले नाही तर बहुधा कुणी पकडतही नाही. माणसाच्या सचोटीची खरी कसोटी लागते ती अशाच ठिकाणी.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे आपण म्हणतो. आपल्या मुठीत काय आहे हे आपल्यापुरते झाकून ठेवायला माझी हरकत नाही. पण त्या मुठीच्या भरवशावर जेव्हा दुसऱ्याचे मूल गाडीत बसते, तेव्हा ती उघडून दाखवली पाहिजे, मग आत सव्वा लाख असोत की चिंध्या.

घराघरांतही असे एकेक दिवे असतात. एखादी म्हातारी आत्या असते, ती चारचौघांत नको ते बोलते. एखादे पोर असते, ते ‘बाबा, तुम्ही हल्ली फार चिडता’ असे तोंडावर सांगते. ती बोलली की आपल्या कपाळाला आठी पडते आणि त्यांना गप्प बसवण्याचे पुष्कळ सोपे उपाय आपल्याला ठाऊक असतात. या दिवाळीत पणत्या तर आपण लावूच. त्याबरोबर यांच्यापैकी कुणी लागले, तर त्याला विझवण्याआधी चाक उघडून आत एकदा पाहावे, एवढेच माझे सांगणे आहे.